बाळू पालवणकर आणि हॉल ऑफ फेम

आमच्या पालघर-बोईसरकडे क्रिकेटचा विषय निघाला की गाडी शार्दूल ठाकूरपाशी येऊन थांबतेच. किटबॅग सांभाळत लोकलने मुंबई गाठणारा आपला पोरगा कसोटी खेळला, त्याचं कौतुक आहेच. पण परवा गप्पांत कुणीतरी विचारलं, आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये आपला कुठला जुना बोलर हवा? बहुतेकांनी पद्माकर शिवलकरांचं नाव घेतलं. मी म्हटलं, बाळू पालवणकर. दोघा-तिघांनी विचारलं, हे कोण? म्हणून हे लिहितोय.

बाळू चर्मकार समाजातले. डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायची, नेट बांधायचं आणि साहेबांना बोलिंग टाकायची. बॅटिंग मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण इंग्रजांना हरवायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांचा एकच. पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात वेगळा चहा!

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट्स काढल्या. प्रथम दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या १७९ विकेट्स आहेत, सरासरी साधारण १५. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता आक्षेप असा, की बाळू एकही कसोटी खेळले नाहीत. कसे खेळणार? भारताची पहिली कसोटीच १९३२ सालची! आणि चार कसोट्या खेळलेले दक्षिण आफ्रिकेचे बॅरी रिचर्ड्स या हॉलमध्ये आहेतच. वर्णद्वेषामुळे त्यांच्या देशावर बहिष्कार पडला आणि त्यांची कारकीर्द तुटली, हे समजून घेतलं गेलं. योग्यच झालं. मग तेवढीच समज बाळूंच्या बाबतीत का नको?

शिवलकरांच्या ५८९ विकेट्सबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते, म्हणजे निदान स्पर्धा क्रिकेटची होती. बाळूंच्या वाटेत जात उभी होती. माझ्या मते फरक इथे आहे.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हे घडून गेलंय. सॅचेल पेज हा काळा पिचर ऐन उमेदीत गोऱ्यांच्या लीगबाहेर राहिला. १९७१ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं ठरलं, पण आधी कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळा विभाग करायचा बेत होता. ओरड झाली, तेव्हा सर्वांच्या बरोबरीने घेतलं.

बाळूंनाही तसंच घ्यायला हवं. 'आद्य खेळाडू' म्हणून बाजूला एखादी पाटी लावून भागणार नाही. वेगळी पाटी म्हणजे पुन्हा ते मातीचं भांडंच.

बाळू १९५५ साली गेले. त्यांना आता काही मिळणार नाही. पण हॉल ऑफ फेममधली नावं वाचणाऱ्या आजच्या पोरांना कळेल, की आकड्यांत न मावणारे खेळाडूही असतात.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा. शिवलकरांच्या बाजूने भांडलात तरी चालेल.