वहिनींचा लोकरी कोट आणि कागदाचा फर्मा



आमच्या वस्तीतल्या वहिनी गेली एकोणीस वर्षे रेडिमेड कपड्यांच्या एका कारखान्यात बाह्या लावतात. शर्टाच्या बाह्या. जितके नग तितके पैसे. एकोणीस वर्षांत किती हजार शर्ट त्यांच्या हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही, पण त्यातला एकही त्यांनी स्वतः बेतलेला नाही. बेतणारा कटिंग मास्टर. त्याचे टेबल वेगळे, पगार वेगळा, चहाची वेळसुद्धा वेगळी. बायका टेबलाजवळ रेंगाळल्या की तो फर्मा उलटा करून ठेवतो. वहिनी हे हसत सांगतात. मला हसू येत नाही.

त्यांची लेक सरकारी शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडला शिकते. या उन्हाळ्यात ती महिनाभर घरी आली तेव्हा बॅगेत दोन वस्तू होत्या. एक, राखाडी रंगाचे पाच मीटर जाड लोकरी कापड; तिकडच्या गिरणीच्या दुकानात शेवटचा तुकडा म्हणून स्वस्तात मिळालेले. दुसरी, जुन्या वस्तूंच्या दुकानातून एका पौंडात घेतलेला कागदाचा लिफाफा. त्यावर एका बाईचे चित्र. अंगात लांब कोट, आणि कोटावर खांद्यापासून मनगटापर्यंत दुसरे पांघरूण. "आई, असला कोट तिकडे दुकानात घ्यायचा तर माझे महिन्याचे जेवण जाईल. तुला जमेल का?"

वहिनींनी चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "ही तर बैलाची झूल!"

झूलच ती, पण विचार करून केलेली. या कोटाला इन्व्हर्नेस म्हणतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला त्या नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा कोट आला. आधी त्याला बाह्या होत्या आणि वरून झूल. पुढे बाह्या काढून टाकल्या आणि झुलीचे दोन पंख करून ते कोटाच्या बाजूच्या शिवणीत बसवले. हात मोकळे, खांदे दुहेरी झाकलेले, पाऊस वरच्या वर ओघळून जातो. आपल्या पोलीस बँडमध्ये जे मशकवाद्य असते ते वाजवणारे तिकडचे लोक अजूनही पावसात असाच कोट घालतात, कारण झुलीखाली हात हलवता येतात आणि वाद्यही झाकले जाते.

हाच कोट जपानलाही गेला. मेईजी काळात जपानी लोक किमोनोवर घालायला विलायती कोट शोधत होते. किमोनोच्या बाह्या इतक्या रुंद की साध्या कोटाच्या बाहीत त्या शिरत नाहीत. इन्व्हर्नेसला बाहीच नाही, तेव्हा तो बरोबर बसला. त्यांनी त्याला 'तोंबी' नाव दिले. तोंबी म्हणजे घार. झुलीचे दोन पंख पाहून दिलेले नाव. लेकीने हे सांगितल्यावर वहिनींनी 'झूल' हा शब्द मागे घेतला आणि कोटाला 'घार' म्हणू लागल्या.

आता लिफाफ्याकडे येऊ. आत पातळ कागदाच्या मोठ्या घड्या. त्यावर कोटाचा एकेक भाग पूर्ण मापात छापलेला: पाठ, पुढा, पंख, कॉलर, खिसा. प्रत्येक भागावर तीन-चार मापांच्या रेषा. बाण म्हणजे कापडाचा उभा धागा. काठावरचे त्रिकोण जुळवले की दोन भाग बरोबर जुळतात. सोबत इंग्रजी सूचनांचा कागद. इंग्रजी वाचायला म्हणून वहिनींनी मला बोलावले. बी. कॉम. झालेली कारकून बाई, फायली वाचते, फर्मा का नाही वाचणार, असा त्यांचा समज.

असे छापील फर्मे बाजारात कसे आले ती गोष्ट वाचण्यासारखी आहे. सिंगरच्या शिवणयंत्राचे पेटंट १८५१ चे. यंत्र हळूहळू घराघरांत गेले, पण बेतणे शिंप्याच्या हातातच राहिले. न्यूयॉर्कच्या एलन डेमोरेस्ट या बाईंनी १८६० च्या सुमारास कागदी फर्मे विकायला काढले. असे सांगतात की त्यांच्या घरची कृष्णवर्णीय मोलकरीण खाकी कागद कापून त्यावरून कपडा बेतत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली. बाईंचे नाव राहिले. मोलकरणीचे नाव गोष्ट सांगणारा कुणीच सांगत नाही. आपल्याला ही तऱ्हा नवी नाही. पण डेमोरेस्टबाईंच्या बाजूने एक नोंद आहे, ती सांगितली पाहिजे. आपल्या कामाच्या जागी त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांच्या बरोबरीने वागवले, आणि तेही अमेरिकेत गुलामगिरी अजून पुरती उठलेली नसताना.

मग १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने एकाच कपड्याचे फर्मे वेगवेगळ्या मापांत विकायला सुरुवात केली. त्यापूर्वीचे फर्मे एकाच मापाचे असत; लहान-मोठे करणे ज्याचे त्याने पाहायचे. म्हणजे ज्याला येते त्यालाच येणार. बटरिकच्या लिफाफ्याने ती अडचण काढली. शेतकऱ्याच्या घरची बाईसुद्धा पोराचा सदरा बेतू लागली. कटिंग मास्तरने उलटा करून ठेवलेला फर्मा कुणीतरी सुलटा केला आणि टपालाने घरोघर पाठवला, असे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आपल्याकडे यायला इतका उशीर का झाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

काम आम्ही विहाराच्या सभागृहात केले, कारण पाच मीटर कापड पसरण्याइतकी जागा आमच्या कुणाच्याच घरात नाही. रविवारी वंदना झाली की सतरंजी गुंडाळायची, फरशी पुसायची, कापड अंथरायचे.

पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली. माप काढले. लेकीची छाती चौतीस, म्हणजे या अमेरिकन फर्म्यावर बारा नंबर. हा नंबर दुकानातल्या तयार कपड्यांच्या नंबराशी जुळत नाही, छातीवरूनच पाहावा लागतो. इथपर्यंत ठीक. मग पाठीच्या भागावर एका काठाला लिहिले होते, 'घडीवर ठेवून कापा'. मी तो काठ म्हणजे शिवण समजले आणि तसे ठणकावून सांगितले. पाठीचे दोन तुकडे निघाले आणि मधोमध शिवणीत कापड गेले, पाठ अरुंद. सुदैव असे की वहिनींनी लोकरीला कातर लावलीच नव्हती. त्यांनी आधी मांजरपाट आणला होता. "पाच मीटर लोकर एकदा कापली की परत जुळत नाही, ताई. आधी स्वस्तातले मरू दे." इंग्रजी मला येत होते, कापड त्यांना.

दुसरी चूक त्यांची. आपल्याकडे छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन त्यात दीड-दोन इंच सैल सोडतात आणि शिवणीसाठी वेगळे मार्जिन ठेवतात. वहिनींनी सवयीने दोन्ही धरले. पण अशा अमेरिकन फर्म्यात सैलपणा आधीच धरलेला असतो, आणि शिवणीचे मार्जिनही, ते पाच अष्टमांश इंच. मी 'पाच अष्टमांश' वाचले तर कुणाला कळेना. विहारात पंखा दुरुस्त करायला आलेले आमचे सुतारदादा शिडीवरून म्हणाले, "पाच सूत म्हणा की!" इंचाचे आठ सूत, त्यातले पाच. एवढे कळायला चौघे लागलो. ज्या भगिनी जर्मनीच्या 'बुर्डा' मासिकातले फर्मे वापरतात त्यांनी मात्र उलट लक्षात ठेवावे: त्या मासिकातल्या फर्म्यांत मार्जिन धरलेले नसते, ते आपण सोडायचे.

मांजरपाटाचा कोट लेकीच्या अंगात घालून, टाचण्या लावून, खांदा पाव इंच आत घेऊन, बगलेत मुंढा जरा खोल करून झाला, तेव्हा कुठे लोकरीची पाळी आली. लोकर आटते. म्हणून आदल्या रात्री ओली चादर पिळून कापडासह गुंडाळून ठेवली आणि सकाळी सपाट वाळवली. लोकरीला लव असते, तिची दिशा हाताने फिरवून पाहायची. खाली हात नेला की गुळगुळीत, वर नेला की खरखरीत. सगळे भाग एकाच दिशेने ठेवायचे, नाहीतर एक पंख गडद आणि एक फिका दिसतो. जाड कापड दुहेरी कापता येत नाही, एकेरीच कापावे लागते. म्हणजे एक पंख कापल्यावर दुसऱ्यासाठी फर्मा उलटायचा. लोकरीच्या वेळी हे लक्षात राहिले. अस्तराच्या वेळी गप्पा रंगल्या आणि दोन्ही पंख उजवेच निघाले! वहिनींनी एक वाकडी शिवण घालून अस्तर निभावून नेले. कोट उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. मी मात्र लिहून टाकले.

पहिली कातर चालवण्यापूर्वी वहिनी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. हात थरथरत होता. एकोणीस वर्षे ज्या हाताने कापलेलेच जोडले, त्याला अखंड कापड कापायचे होते. समोर भगवंताची मूर्ती. मला विनयपिटकातल्या महावग्गातला प्रसंग आठवला आणि मी तो सांगितला. दक्षिणागिरीकडे जाताना भगवंतांनी मगधाची भातशेती पाहिली, बांधांनी आखलेली. आनंदाला विचारले, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे कापून, बांधासारख्या शिवणी घालून नमुना केला आणि भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. आजही चीवर त्याच नमुन्याने शिवतात. वर्षावासानंतर आपण जे कठिन चीवरदान करतो, त्यातले 'कठिन' म्हणजे मुळात चीवर शिवताना कापड ताणून धरण्याची चौकट. थंडीसाठीची संघाटी दुहेरी कापडाची असते, म्हणजे भिक्खूंचा ओव्हरकोटच म्हणा. बेतणे हे आपल्या परंपरेत कमी प्रतीचे काम नाही. ते आनंदाने केले आहे.

वहिनी काही बोलल्या नाहीत. खडूची रेघ पुन्हा एकदा पाहिली आणि कातर चालवली.

शिवण्याचे फार लांबवत नाही, ते त्यांच्या हातचे काम. सोळा नंबरची सुई, टाका लांब. खांद्याच्या शिवणीत सुती पट्टी घातली, कारण एवढे वजन खांद्यावर लोंबले की शिवण ताणते. खरी परीक्षा गळ्याशी. तिथे कॉलर, कॅनव्हास, खालची कॉलर, झूल आणि कोट असे पाच थर एकत्र येतात. पायमशीन तिथे अडले. वहिनींनी पट्टा काढून चाक हाताने फिरवत एकेक टाका घातला, आणि शिवणीतले थर पायरीसारखे कमी-कमी कापले म्हणजे गाठ दिसत नाही. इस्त्री घासायची नाही. ओले फडके ठेवून दाबायची, उचलायची, पुढे दाबायची. वाफेने लोकर हवी तशी वळते. तयार कोट दोन दिवस खुंटीला टांगून ठेवला, कारण पंखाचा जो भाग उरेब असतो तो आपल्या वजनाने खाली उतरतो. मगच खालची दुमड हाताने घातली.

पाच रविवार गेले. लेक कोट घालून विहारात उभी राहिली तेव्हा बाहेर मुंबईचा उकाडा होता आणि ती घामाने भिजली होती, तरी काढायला तयार नव्हती. म्हाताऱ्या आजींनी कापड बोटांनी चाचपले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांना लुगडे कसे नेसावे ते सांगितले होते. त्या सभेची हकीगत आजींनी त्यांच्या सासूकडून ऐकलेली. गुडघ्यापर्यंतच लुगडे नेसायची सक्ती असलेल्या घरची ही पणती. आजी एवढेच म्हणाल्या, "घोट्यापर्यंत आलाय. बरा आहे."

लेक परत गेली. फर्मा नेण्याआधी वहिनींनी तो खाकी कागदावर उतरवून घेतला, सगळ्या खुणांसकट, सूत धरून. कारखान्यात त्यांनी मास्तरला सांगितले की मला कटिंगवर बसवा. तो हसला. मालकाने 'बघू' म्हटले आहे. त्या बघू या शब्दावर मी फार भिस्त ठेवत नाही, वहिनीही ठेवत नाहीत. बाह्या लावणे चालू आहे.

पण आता रविवारी विहारात वंदनेनंतर सतरंजी गुंडाळली जाते. गेल्या खेपेला सात मुली आणि एक मुलगा होता. सध्या शाळेच्या गणवेशाचा शर्ट चालला आहे. वहिनी फर्मा फरशीवर सुलटा ठेवतात आणि सगळ्यांना जवळ बोलावतात. ज्यांना यायचे त्यांनी आपली कातर, टेप आणि जुनी वर्तमानपत्रे घेऊन यावे. मांजरपाट आम्ही वर्गणीतून आणतो. पहिल्या दिवशी लोकर आणू नये.