खाणावळ हलली, शेजाराचे काय?

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातली आमची नेहमीची मेक्सिकन खाणावळ वाढत्या भाड्यापायी दोन रस्ते पलीकडे गेली. नव्या, प्रशस्त जागेत आम्ही प्रथमच जेवलो. चव बदलली असेल ही धास्ती व्यर्थ ठरली. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन वाटायचा आणि त्याच्या टॉर्टिया भाजायच्या, हा क्रम तसाच होता. तोच खमंग वासही होता. हरवले होते ते गिऱ्हाईक. कामावरून परतताना उभ्याउभ्या दोन टाको खाणारे मजूर येथे दिसले नाहीत. दरपत्रक पाहताच कारण कळले.

या पाकपरंपरेला मानसन्मानांची वाण नाही. युनेस्कोने २०१० साली मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीचा वारसा मानले. २०१४ साली शहराने येथल्या चोविसाव्या रस्त्याच्या परिसराला लॅटिनो सांस्कृतिक विभाग म्हणून मान्यता दिली. परंतु गौरवाने भाडे भागत नाही. मालकांना दोष देणे आम्हाला अन्याय्य वाटते. चूल पेटती ठेवणे हेच त्यांचे पहिले कर्तव्य. तरीही आमच्या मते वारसा केवळ पाककृतीत नसतो. ज्यांच्या आया-आज्यांनी ही चव राखली, त्यांनाच ती परवडेनाशी झाली, तर उरते ते फक्त उत्तम जेवण.