प्याद्याचे एक घर

प्याद्याने एक घर पुढे सरकावे, तेही सरळ, आणि मारायचे झाले तर तिरपे. बुद्धिबळाच्या पटावर याहून दुबळी चाल दुसरी नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी पहिल्या खेपेस त्याला दोन घरांची मुभा तरी दिली आहे. आमच्या देशी डावात तीही नाही. म्हणून ‘देशी खेळ शिकून उपयोग काय?’ असे सर्रास विचारले जाते. विचारणारे उत्तरासाठी थांबत नाहीत ही गोष्ट वेगळी.

सेवाग्रामात आमच्या वस्तीच्या पारावर हा डाव अजून मांडला जातो. मला तो आबाजींनी शिकवला. मुलीने पारावर बसणे लोकांना रुचेना, म्हणून पट आमच्या ओसरीवर आला. या खेळात किल्लेकोट नाही. शह बसण्यापूर्वी राजाला एकदाच घोड्यासारखे अडीच घर जाता येते. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले, तेच मोहरे होते. गावोगावी थोडाफार फरक असायचाच. त्यावरून भांडणेही होतात.

माझा धाकटा चुलतभाऊ याच पटावर तयार झाला. गेल्या वर्षी एका शालेय स्पर्धेत त्याने आपले प्यादे दोन घरे पुढे टाकले. शेजारच्या घरात प्रतिस्पर्ध्याचे प्यादे उभे होते. त्याने तिरपे मागच्या रिकाम्या घरात जाऊन याचे प्यादे उचलले. नियमाने ते बरोबरच होते. दोन घरे उडी मारून कुणी निसटू नये, म्हणून लगेचच्या चालीत, जणू ते एकच घर चालले आहे असे समजून, त्याला मारता येते. पोराला हे कुणी सांगितलेच नव्हते. त्याला ती लबाडी वाटली. समजावणे राहिले बाजूला, ‘गावठी खेळ खेळता’ असे त्याला ऐकवले गेले. त्यानंतर त्याने पटाला हात लावलेला नाही.

‘गावठी’ या शब्दाला माझा आक्षेप आहे, कारण इतिहास निराळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे बंगाली गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी कितीतरी डाव खेळले. ते देशी पद्धतीत मुरलेले. राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचे प्यादे एकच घर सरकवायचे आणि त्या जागेवर उंट बसवायचा, वजिराच्या पुढचे प्यादेही एकच घर चालवायचे, ही त्यांची रीत. समोरच्याने मध्य बळकावला तरी ते दुरून त्यावर मारा धरीत. आज जगभर ज्यांना ‘इंडियन डिफेन्स’ म्हणतात, त्या बचावांना हे नाव या डावांवरूनच पडले. मीर सुलतान खानही देशी नियमांतूनच गेले. त्यांनी 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले आणि 1930च्या अखेरीस हेस्टिंग्जला कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवले.

बरे, इतिहास सोडा. डाव संपत आला आहे, दोन्ही राजे समोरासमोर, बाकीची प्यादी एकमेकांना अडवून उभी आहेत. ज्याच्यावर चाल येईल त्याचा राजा मागे हटणार आणि तो हरणार. अशा वेळी एखादे प्यादे मूळ जागेवर न हललेले असेल, तर ते एक घर चालवायचे की दोन, हे आपल्या हाती असते. ते ठरवता आले की अडचणीची चाल दुसऱ्यावर ढकलता येते. इथे दोन घरांइतकीच एका घराला किंमत आहे. आमच्या गावी नई तालीमच्या शाळेत मुले चरख्याच्या आधी तकलीवर सूत कातीत. चरखा भराभर काततो म्हणून तकली निरुपयोगी, असे कुणी म्हटले नाही.

पण देशी डावाचा नुसता अभिमान धरणाऱ्यांशीही माझे जमत नाही. वरच्या उदाहरणात एक घर उपयोगी पडले, कारण दुसरा पर्याय शिल्लक होता. ज्याला एकच घर ठाऊक, तो निवड कसली करणार? सुलतान खानांना डावाची सुरुवात नेहमी जड जाई. परके नियम त्यांना मोठेपणी शिकावे लागले होते. आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख 2025 साली महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिला पाहून आमच्या वस्तीतल्या मुलींनी पट मागितला. त्यांना अपुरे नियम शिकवून स्पर्धेला पाठवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे नियम आधी न सांगता खेळायला बसवले की काय होते, हे मला पुस्तकातून वाचावे लागले नाही.

म्हणून मुलांना पहिले काही दिवस एका घराचाच डाव द्यावा; मोहरी कशी रचावीत हे त्यात सावकाश कळते. मग दोन घरे, किल्लेकोट आणि ते मागून मारणे, सारे पटावर मांडून दाखवावे. आबाजींना ही तडजोड मान्य नाही. प्यादे मारायचे असेल तर ते उभे आहे तिथे मारावे, असे त्यांचे म्हणणे आहे. दर रविवारी ओसरीवर आमचा हा वाद चालतो आणि चुलतभाऊ दारात उभा राहून ऐकतो.