आधी टाकीत डोकावून पाहा



मुंबईचे हँगिंग गार्डन अनेकांनी पाहिले असेल. पण त्या हिरवळीखाली पाण्याची प्रचंड टाकी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १८८० च्या दशकात बांधलेल्या या मलबार हिल जलाशयात सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी मावते. कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ग्रँट रोड या भागांतल्या नळांना इथूनच पाणी येते.

जुनी टाकी पाडून सुमारे १९ कोटी लिटरची नवी बांधायची, असे महापालिकेने ठरवले. खर्च ६९८ कोटी रुपये. ३८९ झाडे तोडावी किंवा हलवावी लागणार, बागही काही वर्षे बंद राहणार. २०२३ मध्ये हे कळताच रहिवाशांनी हरकती घेतल्या.

‘बंगल्यांतल्या लोकांना बागेची पडली आहे, तहानलेल्यांचे काय?’ असे कुणालाही वाटेल. प्रश्न रास्तच आहे. टाकी निकामी झाली तर पैसेवाला टँकर मागवील. चाळीतल्या आईने हंडा कुठे भरायचा? हा हुकूकुल इबादचा, बंद्यांच्या हक्कांचा मामला आहे.

पण रहिवाशांनी पाण्याला विरोध केलाच नव्हता. ‘आधी आतून तपासा, दुरुस्तीने भागते का पाहा,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. मग आयआयटीचे प्राध्यापक, अभियंते आणि स्थानिक जाणकार यांची समिती नेमली गेली. टाकीचा कप्पा रिकामा करून तज्ज्ञ आत उतरले. समितीत एकमत झाले नाही, म्हणून आयआयटी रुरकीचाही सल्ला घेतला. अखेर पाडकामाचा बेत मागे पडला आणि दुरुस्तीचा मार्ग ठरला.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. पाणी सर्वांची अमानत आहे, तर त्याचा निर्णयही सर्वांना विचारून व्हायला हवा. कुरआनात ‘अश-शूरा’ नावाची सूरहच आहे. मशवऱ्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको. इथे तो मशवरा आधीच झाला असता, तर वेळ आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

आपल्या मोहल्ल्यातही झाडावर, भिंतीवर नोटिसा लागतात. आपण त्यांच्याजवळून निघून जातो आणि काम सुरू झाले की ओरडतो. यापुढे नोटीस दिसली तर थांबून वाचा, मुलांकडून वाचून घ्या आणि मुदतीत लेखी हरकत द्या. मात्र हरकत लिहिताना नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या घराची आठवण ठेवा.