आधी खुरप्याचा दांडा बदला

खुरपणीच्या दिवसांत कंबरा धरल्या की मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे व्हिडिओ फिरायला लागतात. पाठ दाबली, कट्ट वाजलं, म्हणे मणका जागेवर बसला! मला हे पटत नाही.

तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा असतो. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात डी. डी. पामर यांनी ही पद्धत काढली. साध्या कंबरदुखीत थोडा आराम पडतो, पण तेवढा व्यायामानंही पडतो. शुगर, दमा बरा होतो ही थाप आहे. मानेला झटका देताना रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत, क्वचित का होईना.

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. दिवसभर वाकून खुरपायचं, पाठीवर १६ लिटरचा पंप, ४५ किलोची युरियाची गोणी एकट्यानं उचलायची. मग कंबर टिकेल कशी? कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली, मजुरांच्या पाठी कामातून जातात म्हणून. आपल्याकडं खुरपणी बायांच्या गळ्यात, अन् त्यांच्या कंबरेचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही.

ओळीतल्या पिकात सायकल कोळपं चालवा. लांब दांड्याचं खुरपं करून घ्या. गोणी दोघांनी उचला. अन् पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर कुणाकडून झटके मारून घेऊ नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.