पेटलेला दिवा आणि साधा कॅमेरा

हेडलाइट पेटलेल्या मोटरसायकलचे छायाचित्र साध्या कॅमेऱ्याने रात्री टिपू गेल्यास बहुधा दोनच गोष्टी संभवतात. गाडी नीट उमटली, तर दिव्याच्या जागी निराकार पांढरा डाग उरतो. दिव्याची काच आणि आतला परावर्तक उमटला, तर गाडी काळोखात विरघळते. पहिल्या चित्राला आपण 'फसलेला फोटो' म्हणतो आणि दोष कॅमेऱ्याच्या माथी मारतो. हा न्याय मला मान्य नाही.

साधा कॅमेरा चौकटीतला उजेड मोजून किती प्रकाश आत घ्यायचा ते स्वतःच ठरवतो. काळोख अधिक असेल तर तो जास्त प्रकाश घेतो. दिव्यानेच चौकट व्यापली असेल तर कमी. एकाच उघडझापीत दोन्ही टोके त्याला पेलत नाहीत. काहीतरी राखायचे तर काहीतरी गमवावे लागते, आणि हे तो लपवत नाही.

जाणता छायाचित्रकार ही निवड आपल्या हाती घेतो. तो सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ गाठतो, कारण तेव्हा आकाशाचा उजेड आणि दिवा यांतले अंतर कमी झालेले असते. फ्लॅश बंद ठेवतो, झोताच्या समोरून किंचित बाजूला सरतो, कॅमेरा भिंतीवर टेकवतो. ब्रासाई या छायाचित्रकाराने रात्रीचे पॅरिस टिपताना रस्त्यावरचे दिवे पुष्कळदा झाडाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवले. दिवा झाकला म्हणून उजेड दिसला.

हल्लीचे मोबाइल फोन या पेचातून वेगळी वाट काढतात. ते क्षणार्धात अनेक चित्रे घेऊन ती एकत्र सांधतात. दिवाही दिसतो, गाडीही दिसते. या सोयीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या चित्राला 'जसे दिसले तसे' म्हणण्याला. डोळ्यालाही दोन्ही एकदम दिसत नाही. नजर दिव्यावरून टाकीकडे सरकते, बाहुली लहानमोठी होते, आणि मन तुकडे जुळवते. ही जुळवणीच आपण वास्तव समजतो.

वास्तववाद शिकवताना आपण नेमके हेच विसरतो. कादंबरीतले गाव, चाळ, गिरणी हुबेहूब उतरली आहे का, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो आणि विद्यार्थी 'हुबेहूब' हा शब्द उत्तरपत्रिकेत इमानाने परत करतो. हुबेहूब म्हणजे निवड न केलेले, अशी समजूत त्यातून पक्की होते. आणि जे पात्र काळोखात राहिले ते अस्तित्वातच नव्हते, असे वाचकाला वाटू लागते. त्याऐवजी असे विचारावे: लेखकाने उजेड कशावर मोजला, आणि त्यासाठी काय काळोखात जाऊ दिले? वास्तववादी लेखनाची खरी चिकित्सा या प्रश्नापासून सुरू होते, असे मला वाटते.