पावसाळ्यांतील भय आणि आपलीं मुलें

आषाढाची झड लागली म्हणजे भोर-वेल्ह्याकडील शेतकऱ्याचें सारें लक्ष तरव्याकडे, बांधाकडे व ओढ्याच्या पाण्याकडे असतें. घरांतील लहान मुलाकडे तें क्वचितच जातें.

ता. ३० जुलै २०१४ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील माळीण गांव दरडीखालीं गडप होऊन १५१ माणसें मृत्यु पावलीं. ता. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवाची तीच गत झाली; वरंध घाट उतरलें कीं तें गांव जवळच आहे. ता. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळवाडी गेली. तेथील कित्येक मुलें आश्रमशाळेंत असल्यामुळेंच वांचलीं, पण घरीं परतावयास त्यांना घर उरलें नव्हतें. या वार्ता आपण ओसरीवर बसून बोलतों, आणि मुलें त्या ऐकत असतात.

मग डोंगराच्या उतारावरील वस्तींत एखादें मूल रात्रीं दचकून उठूं लागतें. एखाद्याचें शाळेच्या वेळींच पोट दुखतें. एखादें चांगलें मोठें झालेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करतें. आम्ही त्यास भित्रें म्हणून हिणवितों, प्रसंगीं दोन चपराकाहि देतों. हा आमचा अडाणीपणा होय. मनानें घेतलेला हा धसका भोंवतालचीं मोठीं माणसें स्थिर राहिलीं तर बहुतेक मुलांच्या ठायीं कांहीं आठवड्यांत ओसरतो. महिन्यानंतरहि तो टिकला, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस दाखवावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेलिमानस सेवेंत १४४१६ या क्रमांकावर मराठींतून विनामूल्य सल्ला मिळतो.

मुलास खोटा धीर मात्र देऊं नये. डोंगर कधींच खचणार नाहीं असें सांगण्यापेक्षां, पाऊस वाढल्यास कोणत्या वाटेनें कोठें जावयाचें तें दिवसाउजेडीं त्यास चालवून दाखवावें, व त्या वेळीं बॅटरी धरण्याचें काम त्याच्याकडेच द्यावें. संकटानंतर मुलास पुण्यास आत्याकडे धाडून मोकळें होण्याचीहि चाल आहे. आंब्याचें कलम हलवितांना मुळाभोंवतालचा मातीचा गड्डा आपण फुटूं देत नाहीं; मुलाचा गड्डा म्हणजे त्याचे सवंगडी, त्याचे गुरुजी व रोजची शाळेची घंटा.

येथेंच आमची मुख्य तक्रार आहे. धोक्याच्या वस्त्या हलवावयाच्या झाल्या कीं बहुधा पहिली नजर शाळेच्या खोल्यांवर जाते. माणसांना निवारा मिळतो, पण ज्या दिवसांत मुलांना शाळेची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवसांत ती बंद पडते. शाळा बंद राहिल्यानें काय होतें तें आपण पाहिलें आहे : मार्च २०२० मध्यें बंद झालेले खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्यें उघडले, आणि तोंवर कित्येक मुलें बाराखडीच नव्हे, तर चारचौघांत बोलणेंहि विसरलीं होतीं.

यासाठीं सोसायटीचें गोदाम, देवळाचा मंडप व ग्रामपंचायतीचें सभागृह हीं निवाऱ्याकरितां आधींच ठरवून ठेवावीं. जुलैंत गोदामांत खत भरलेलें असतें, हा आक्षेप खरा आहे. पण चार दिवस पोतीं सभासदांच्या पडवींत ठेवतां येतील व गोदाम झाडून घेतां येईल. कोणी किती पोतीं न्यावयाचीं, ही यादी रोहिण्या लागण्यापूर्वींच्या सभेंत करावी, अशी आमची सूचना आहे.